शशी गोडबोलेंची लाज आणि आपली

'इंग्लिश विंग्लिश'सारख्या हलक्याफुलक्या चित्रपटावर या पानांत लिहिण्याचे कारण काय, असे काही कार्यकर्ते मित्र विचारतील. अशा चित्रपटांबाबत आपल्याकडे दोन सवयी आहेत. सभेत बोलताना त्यांना पांढरपेशांची करमणूक म्हणून झटकून टाकायचे आणि रात्री घरी तेच चित्रपट बायकापोरांसह बसून पाहायचे, प्रसंगी डोळेही पुसायचे. या दोन सवयींच्या मध्ये समीक्षा नावाची एक वाट आहे. ती आपण कथा-कवितेसाठी चोखाळली, सिनेमासाठी फारशी नाही. आपली माणसे मात्र पुस्तकांपेक्षा सिनेमा कितीतरी अधिक पाहतात.

माझे कारण याहून साधे आहे. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथे बी. ए.च्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले अशी आहेत की त्यांच्या घरात इंग्रजी अक्षर औषधाच्या बाटलीवर आणि खताच्या पोत्यावरच दिसते. या मुलांना हा चित्रपट फार आवडतो. 'सर, आमचीच गोष्ट आहे' असे ती म्हणतात. ती खरोखर त्यांची गोष्ट आहे काय, हे तपासणे मला मास्तर म्हणून भाग पडले.

५ ऑक्टोबर २०१२ रोजी हा चित्रपट देशभर प्रदर्शित झाला. गौरी शिंदे यांचा दिग्दर्शिका म्हणून तो पहिला चित्रपट. त्याचे सर्वांत मोठे आकर्षण होते श्रीदेवीचे पुनरागमन. १९९७ च्या 'जुदाई'नंतर तिने मोठा पडदा सोडला होता. लग्न, दोन मुली, संसार यांत पंधरा वर्षे गेली. मधल्या काळात नट्यांच्या दोन पिढ्या येऊन गेल्या. परत आली तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. 'पुनरागमन' हा शब्द वर्तमानपत्रांनी तेव्हा इतक्या वेळा वापरला की त्याचा अर्थ तपासावा असे कोणाला वाटलेच नाही. याच चित्रपटात विमानातला सहप्रवासी म्हणून अमिताभ बच्चन काही मिनिटे येतात. ते तेव्हा सत्तरीला टेकले होते. त्यांच्या पडत्या काळातही दुकान कायमचे बंद करायला त्यांना कोणी लावले नव्हते. नायकाला वय होत नाही. नायिकेला मात्र लग्न होते, मुले होतात, मग तिचे 'जाणे' होते आणि नशीब असेल तर 'परत येणे' होते. परतताना ती प्रेयसी म्हणून येऊ शकत नाही, आई म्हणूनच यावे लागते. शिंदे यांनी ही अट पाळली आणि ती पाळता पाळता थोडी वाकवलीही. चाळिशी ओलांडलेल्या दोन मुलांच्या आईवर एक फ्रेंच स्वयंपाकी जीव लावतो आणि दिग्दर्शिका त्यात काही वावगे पाहत नाही. हिंदी सिनेमात हे थोडे नव्हे.

श्रीदेवीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती या चित्रपटाची गुरुकिल्ली वाटते. तमिळनाडूत शिवकाशीजवळच्या एका गावात १९६३ साली जन्मलेली ही मुलगी चार वर्षांची असल्यापासून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तमिळ, तेलुगू, मल्याळम असे करत ती हिंदीत आली. १९८३ च्या 'हिम्मतवाला'ने तिला हिंदीची राणी केले, पण त्या राणीला स्वतःचा आवाज नव्हता. तिचे हिंदी मुंबईकरांच्या कानाला रुचेना. म्हणून कितीतरी चित्रपटांत तिच्या ओठांवर नाझचा आवाज चढवला गेला, 'आखरी रास्ता'त तर रेखाचा. देशभर पोस्टरवर चेहरा हिचा आणि बोलणे दुसरीचे. १९८९ च्या 'चांदनी'त प्रेक्षकांनी प्रथमच तिचा स्वतःचा आवाज ऐकला. तोवर ती हिंदीतली पहिल्या क्रमांकाची नटी होऊन चुकली होती.

हे ध्यानात ठेवून 'इंग्लिश विंग्लिश' पाहावा. शशी गोडबोले ही पुण्यातली गृहिणी. घरी लाडू करून विकते. नवरा आणि मुलगी इंग्रजी बोलतात, हिला येत नाही. 'जाझ' हा शब्द ती 'झाझ' असा उच्चारते आणि न्याहारीच्या टेबलावर हशा पिकतो. त्या हशात दुष्टपणा नाही, आणि म्हणूनच तो लागतो. शशी त्या वेळी स्वतःही किंचित हसते. ते हसू श्रीदेवीने असे केले आहे की ओठ हसतात आणि डोळे टेबलावर काहीतरी शोधत राहतात. ज्या बाईला वर्षानुवर्षे 'तुझी भाषा आमच्या कानाला चालत नाही' असे ऐकावे लागले, तिलाच हे हसू इतके अचूक ठाऊक असणार. अभिनयकलेवर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी या एका हसण्याचा विचार करावा.

पुढे बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी शशी एकटी न्यूयॉर्कला जाते. तेथल्या एका कॉफीच्या दुकानात तिची जी त्रेधा उडते, तो चित्रपटाचा मध्यबिंदू. मागे रांग उभी आहे, गल्ल्यावरची बाई भराभर प्रश्न टाकते आहे आणि शशीला साधी कॉफी मागता येत नाही. कोणी तिला मारत नाही, जातीवरून बोलत नाही. तरीही ती तेथून पळते तेव्हा आपल्या पोटात कालवते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाच्या गाठी अशी एक खिडकी असते. बँकेची खिडकी, मुलाखतीची खोली, मोठ्या शहरातल्या दवाखान्यातले टेबल. मीही एका महाविद्यालयात मुलाखतीला गेलो असता सर्व प्रश्न मराठी विषयाचे आणि मराठीतच होते. शेवटी एका सदस्यांनी सहज म्हणून इंग्रजीत माझ्या गावाबद्दल विचारले. गावाबद्दल का विचारतात, हे ज्याचे त्याला कळते. त्या एका प्रश्नात भाषा आणि जात अशा दोन्ही गोष्टींची चाचपणी एकदम झाली होती.

येथवर माझे विद्यार्थी म्हणतात ते खरे आहे. येथून पुढे गोष्ट वेगळी होते.

शशीचे आडनाव गोडबोले आहे. ही गोष्ट चित्रपट एकदाही अधोरेखित करत नाही, कारण अधोरेखित करण्याची गरज ज्यांना पडत नाही त्यांचेच हे आडनाव आहे. शिंदे यांनी सांगितले आहे की ही गोष्ट त्यांना आपल्या आईवरून सुचली. त्या पुण्यात लोणच्यांचा व्यवसाय करीत आणि त्यांना इंग्रजी सफाईने येत नसे. पडद्यावर येताना लोणच्याचे लाडू झाले आणि शिंद्यांचे गोडबोले झाले. हिंदी सिनेमाला मराठी मध्यमवर्ग दाखवायचा असतो तेव्हा त्याच्या हाताला ठरावीक चार-सहा आडनावेच का लागतात, याचा अभ्यास कोणा विद्यार्थ्याने करावा. आपल्या आडनावांचा माणूस तेथे आला तर तो हवालदार असतो, नाहीतर गुंड.

आता लाडूंकडे पाहू. लाडू ही शशीची कला आहे, तिची कमाई आहे, तिचा स्वाभिमान आहे. ती घरोघर लाडू पोचवते, लोक चाखतात, वाखाणतात. नवरा पाहुण्यांसमोर म्हणतो की हिचा जन्मच लाडू करण्यासाठी झाला. शशीला ते लागते, आपल्यालाही लागते. बाईचे श्रम कौतुकाच्या शब्दांत कसे गाडले जातात, याचे इतके नेमके उदाहरण क्वचित सापडेल. न्यूयॉर्कच्या वर्गात मास्तर तिला सांगतो की तू जे करतेस त्याला 'आंत्रप्रन्योर' म्हणतात, तेव्हा ती रस्त्याने तो शब्द घोळवत चालते. फार सुंदर प्रसंग आहे.

परंतु लाडू हा पदार्थ हाताने वळायचा आहे. कोणाच्या हाताने वळलेला लाडू कोणाच्या घरात जातो, हा प्रश्न या देशात पाककलेचा कधीच नव्हता. पुण्यातच २०१७ साली एका सुशिक्षित बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. आरोप काय, तर तिने आपली जात लपवून आमच्या घरचा सोवळ्यातला स्वयंपाक केला. आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवलाही! मोठा गदारोळ झाल्यावर ती तक्रार मागे घेतली गेली. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, हे विशेष. मग आपल्या वस्तीतल्या बाईने लाडूंचा डबा घेऊन त्याच पेठेतले दार वाजवले असते तर? शशी गोडबोलेंच्या उद्योगाला भांडवल म्हणून जे लागले त्यात तूप, बेसन आणि साखर होती. त्याखेरीज जन्माने मिळालेले, हिशेबाच्या वहीत न येणारे एक भांडवल होते. त्यात शशीचा दोष नाही. पण चित्रपटाला ते भांडवल दिसत नाही आणि म्हणून तो सांगतो की मनाने उभारी धरली की माणूस उभा राहतो.

भाषेचेही तसेच. ज्या शहरात शशीला इंग्रजीची लाज वाटते, त्या शहराचा इंग्रजीशी जुना व्यवहार आहे. वाघिणीचे दूध म्हणून तेथल्या पंडितांनी ही भाषा वाखाणली आणि ते दूध आपल्या मुलांना पाजले. मुलींना पाजले नाही. शूद्रातिशूद्रांच्या तर वासालाही ते येऊ दिले नाही. त्याच शहरात १८४८ साली भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. १८५४ च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका म्हणून आपल्या लोकांना हाक दिली. त्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन ठेवले ते इंग्रजीत होते आणि त्यात रयतेच्या पैशावर वरच्या वर्गाची मुले शिकतात, ही तक्रार होती. म्हणजे त्या काळी इंग्रजी मागणारे आपण होतो. कोणाला शोभून दिसावे म्हणून ती मागितली नव्हती. पोथीच्या कुंपणाला त्या भाषेत एक भोक होते, म्हणून मागितली होती. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरी जिल्ह्यात बांका या गावी 'इंग्रजी देवी'चे देऊळ बांधण्याचा घाट घातला गेला. न्यूयॉर्कच्या लिबर्टीवरून बेतलेली ती मूर्ती. एका हातात लेखणी, दुसऱ्या हातात संविधान आणि पायाखाली संगणक. देऊळ बांधणे मला पटत नाही. तेहतीस कोटींत आणखी एकीची भर कशाला? पण त्या गावच्या माणसांना इंग्रजी म्हणजे काय वाटते, हे त्या मूर्तीतून जितके कळते तितके 'इंग्लिश विंग्लिश'मधून कळत नाही.

शशीची लाज घराच्या आतली आहे, हा खरा फरक. तिचा नवरा इंग्रजी जाणतो, मुलगी जाणते, बहीण अमेरिकेत आहे. घरात सर्वांना मिळालेली गोष्ट हिलाच मिळालेली नाही, कारण ही बाई आहे. हे दुःख खरे आहे. आपण त्याला हसता कामा नये. जातीची आणि बाईपणाची बेडी एकाच भट्टीत घडली आहे, हे बाबासाहेबांनी आपल्याला फार पूर्वी दाखवून दिले. पण आमच्या घरात घरच्या घरी लाज वाटायला इंग्रजी जाणणारे होतेच कोण? मुलगी आईला म्हणते की शाळेतल्या पालकसभेला तू येऊ नकोस. आमच्या आयांना पालकसभा म्हणजे काय, हेच ठाऊक नव्हते. त्या रोजगाराला गेलेल्या असत. पोराने घरी मोठ्याने इंग्रजी धडा वाचला तर त्या काम थांबवून ऐकत आणि शेजारणीलाही ऐकायला बोलावत. लाज त्या घरात नव्हती. ती आम्हांला पुढे कॉलेजात, वसतिगृहात, शिक्षकांच्या खोलीत बाहेरून दिली गेली. म्हणून शशीचे औषध आम्हांला लागू पडत नाही. तिने नवऱ्याला आणि मुलीला आपली किंमत पटवली की तिची लाज गेली. आमची किंमत कोणाला पटवायची? घरच्यांना ती पटलेलीच आहे.

चार आठवड्यांत इंग्रजी, ही जाहिरात पाहून शशी वर्गाला जाते आणि तेथे चित्रपटाचा सर्वांत जिवंत भाग सुरू होतो. मुले सांभाळणारी मेक्सिकन बाई, टॅक्सी चालवणारा पाकिस्तानी सलमान, एक चिनी मुलगी, एक आफ्रिकी तरुण, कचेरीत टिंगल सोसणारा तमिळ संगणक अभियंता आणि फ्रेंच स्वयंपाकी लोराँ. ही जगाच्या कष्टकऱ्यांची शाळा आहे. आपल्याकडच्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडभोवतीच्या भिंतींवरही अशाच जाहिराती असतात. माझ्या पिढीने तर 'रॅपिडेक्स'वरच्या कपिलदेवच्या भरवशावर पैसे साठवले. त्या वर्गात बसणाऱ्या माणसांना मी ओळखतो. एका प्रसंगी मास्तर समलिंगी आहे म्हणून इतर विद्यार्थी टवाळी करतात, तेव्हा शशीच त्यांना थांबवते. त्याला जे योग्य वाटते ते आपल्याला अनोळखी वाटते इतकेच, असे काहीसे ती बोलते. स्वतः हसू झेललेल्या माणसाने दुसऱ्यावरचे हसू अडवणे, एवढी एकच गोष्ट दाखवून चित्रपट थांबला असता तरी माझे पैसे वसूल झाले असते.

पण या वर्गातल्या माणसांपैकी ज्याचे पोट इंग्रजीवर अवलंबून नाही असे एकच माणूस आहे, आणि चित्रपट नेमका त्याचाच. मेक्सिकन बाईला मालकिणीशी पगाराबद्दल बोलायचे असेल, टॅक्सीवाल्याला पोलिसाशी बोलायचे असेल. त्यांच्या वाट्याला लकब आणि विनोद तेवढा आला. शेवटी ती सगळी लग्नाच्या मांडवात पाहुणी म्हणून येतात, शशीसाठी टाळ्या वाजवतात आणि गोष्टीतून निघून जातात. त्यांना इंग्रजी आली की नाही, याची विचारपूस कोणी करत नाही.

आता प्रेमाविषयी. चित्रपटाला हलकीफुलकी प्रेमकथा म्हणायचे ते लोराँमुळे. तो शशीच्या डोळ्यांची, स्वयंपाकाची स्तुती करतो. गच्चीवर ती हिंदीत बोलते, तो फ्रेंचमध्ये, आणि दोघांनाही कळते. भाषेशिवाय कळणे, हे भाषेवरच्या चित्रपटात येते ही दिग्दर्शिकेची हुशारी. शशी त्याला नकार देते. आपल्याला प्रेम नको, थोडा मान हवा, असे ती भाचीला सांगते. हे वाक्य ऐकून सभागृहात टाळ्या पडतात. मला ते वाक्य खरे वाटते आणि सोयीचेही वाटते. प्रेम आणि मान या दोन वेगळ्या पुड्या आहेत, घरच्या दुकानात दुसरी मिळाली की पहिली मागायची नाही, हा हिशेब पांढरपेशा कुटुंबाला फार मानवणारा आहे. कुटुंब शाबूत राहते, नवरा थोडा खजील होतो, बाईला एका भाषणाइतका वेळ मिळतो आणि लाडू पूर्वीसारखेच वळले जातात. तिची परीक्षा आणि लाडू एकाच दिवशी येतात. मुलाच्या खोडीने लाडू सांडतात आणि परीक्षा सोडून ती पुन्हा लाडू करायला बसते, हेही विसरू नये. चित्रपटाने तिला प्रमाणपत्र दिले ते स्वयंपाकघराची हजेरी पूर्ण भरल्यावर!

आणि लग्न कोणाचे? शशीच्या भाचीचे, केव्हिन नावाच्या गोऱ्या अमेरिकन मुलाशी. घरात कोणाच्या कपाळावर आठी नाही. मराठी गाणे होते, सगळे नाचतात. जात, धर्म, वर्ण, खंड, सगळे ओलांडून झालेला हा विवाह चित्रपटात इतका सहज आहे की तो विवाह आंतरजातीय आहे हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ज्या न्यूयॉर्कमध्ये तो होतो तेथेच बाबासाहेब १९१३ च्या जुलैत पोचले होते. मे १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जातीच्या आतच लग्न, हेच जातीचे मर्म; आणि ते टिकवण्यासाठीच बाईवर पहारा, असे त्या निबंधाचे प्रतिपादन. मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून शशी पुस्तके उराशी धरून चालते तेव्हा मला त्या पंचविशीतल्या विद्यार्थ्याची आठवण येणे स्वाभाविक आहे. शिंदे यांना ती यावी अशी माझी अपेक्षा नाही. पण गोऱ्या जावयाला उघडणारे दार कोणाला बंद राहते, हे मी विसरू शकत नाही. चित्रपट लागला त्याला पुरते तीन महिने झाले नव्हते. १ जानेवारी २०१३ रोजी नगर जिल्ह्यात सोनई येथे तीन दलित तरुणांना ठार मारण्यात आले. त्यांतल्या एकाचे वरच्या जातीच्या मुलीवर प्रेम होते. आपल्याकडे परजातीतल्या प्रेमाचा चित्रपट हलकाफुलका होत नाही, तो 'सैराट' होतो. त्या चित्रपटातली पाटलाची आर्ची मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगू का, अशी धमकी देते तेव्हा सारे थिएटर शिट्ट्या मारत होते. इंग्रजी कोणाच्या हातात गेली की काय होते, हे नागराज मंजुळेंनी एका वाक्यात दाखवले.

शेवटचे भाषण श्रीदेवी अडखळत करते. लग्नाच्या मेजवानीत नवरा तिच्या वतीने माफी मागू लागतो, ती त्याला थांबवून उभी राहते. नवरा-बायको बरोबरीचे असावेत, कुटुंबाने आपल्या माणसाच्या उणेपणावर हसू नये, असे साध्या, मोजक्या इंग्रजीत सांगते. व्याकरणाच्या चुका आहेत आणि त्या चुकांवर तिचा हक्क आहे. येथे उसना आवाज नाही. नाझ नाही, रेखा नाही. पंधरा वर्षांनी परतलेली बाई स्वतःच्या बारीक, किंचित चिरक्या आवाजात तिसऱ्याच भाषेत बोलते आणि ते आपल्याला ऐकत राहावेसे वाटते. हा प्रसंग मी तीनदा पाहिला आहे आणि माझे सर्व आक्षेप खिशात ठेवून पाहिला आहे.

परतीच्या विमानात तिला वर्तमानपत्र हवे का विचारतात. ती इंग्रजीत उत्तर देऊन हिंदी वर्तमानपत्र मागते. अनेकांना हा शेवट फार आवडला. इंग्रजी शिकूनही आपली भाषा सोडली नाही! पण पुण्याच्या गोडबोलेबाईंची आपली भाषा हिंदी कधी झाली? साऱ्या चित्रपटात मराठी उरली ती लग्नाच्या गाण्यापुरती. हिंदी सिनेमाला हे चालवून घ्यावे लागते असे कोणी म्हणेल. मग भाषेच्या अभिमानाचा शेवट तरी करू नये. त्याच शहरातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला, तो मराठीत. आपल्या माणसांशी बोलायला मराठी, आणि सरकारशी, जगाशी, हिंदू पुढाऱ्यांशी भांडायला इंग्रजी. कोणती भाषा कोठे चालवायची याचा निर्णय त्यांनी केला होता आणि तो निर्णय करण्याइतकी इंग्रजी त्यांच्या हातात होती. महाराष्ट्रात सर्व शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली ती २००० साली. तोवर पाचवीत प्रथम मुळाक्षरे पाहिलेल्या मुलांना 'मातृभाषेचा अभिमान बाळगा' असे सांगणाऱ्यांची स्वतःची मुले कोठे शिकत होती, हे विचारायला हरकत नाही. माझ्या वर्गातली मुले शशीसारखे वर्तमानपत्र नाकारू शकत नाहीत. नाकारायला आधी ते वाचता यावे लागते.

श्रीदेवीविषयी आणखी थोडे. या चित्रपटानंतर ती पुन्हा पडद्यावर रुळेल असे वाटले. २०१७ मध्ये 'मॉम' आला आणि २४ फेब्रुवारी २०१८ रोजी ती दुबईत वारली. मुंबईत तिच्यावर शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. 'मॉम'साठी राष्ट्रीय पुरस्कार तिच्या मागे मिळाला. तिच्या गुणांना ते शोभणारेच होते. पण परतण्याची गोष्ट निघाली की ज्यांना परतता आले नाही त्या कलावंतिणींची यादी माझ्या डोळ्यांपुढे येते. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी दलित होती. पडद्यावर तिने नायर बाईची भूमिका केली म्हणून प्रेक्षक खवळले आणि तिला गाव सोडून परागंदा व्हावे लागले. तिचे पुनरागमन झाले नाही. आणि आपल्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर! राष्ट्रपतींचे पदक मिळवलेली ही तमाशासम्राज्ञी. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा आल्या तशा आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर जायला उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्राला पाठ आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. श्रीदेवीला मुलींसाठी पंधरा वर्षे रजा मिळाली, विठाबाईंना एका वगाच्या मध्यंतराएवढी. २००२ साली त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल भागवायला लोकांना वर्गणी काढावी लागली. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते.